वासुदेव गायतोंडे : रंगसाधना आणि अंतःस्फूर्तीचा इतिहास

१. प्रास्ताविक

आधुनिक भारतीय चित्रकलेच्या इतिहासात वासुदेव संतू गायतोंडे (१९२४–२००१) यांचे स्थान आता वादातीत झाले आहे. त्यांच्या निर्मितिप्रक्रियेविषयी मात्र मराठीत जे बोलले व लिहिले जाते, त्यात आख्यायिकेचा भाग मोठा आहे. मौनी, एकांतप्रिय, लौकिकाकडे पाठ फिरवलेला आणि केवळ आतल्या हाकेवर चित्र काढणारा साधक, ही त्यांची प्रतिमा गेल्या काही दशकांत दृढ झाली. २०१३ साली मुंबईत झालेल्या लिलावात त्यांचे १९७९ मधील एक चित्र सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना विकले गेले आणि भारतीय आधुनिक चित्रांच्या किमतीतील तोवरचा उच्चांक त्याने मोडला. तेव्हापासून या प्रतिमेला दुसरी एक प्रतिमा येऊन मिळाली : कोट्यवधींचा चित्रकार. वरवर परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही प्रतिमांचा परिणाम एकच झाला. कॅनव्हाससमोर उभा राहून, हातात रोलर व सुरी घेऊन काम करणारा चित्रकार त्यांच्याआड दिसेनासा झाला.

प्रस्तुत निबंधात गायतोंडे यांच्या चित्रनिर्मितीतील अंतःस्फूर्ती या घटकाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करण्याचा प्रयत्न केला आहे. ‘अंतःस्फूर्ती’ ही संज्ञा येथे तर्काच्या पायऱ्या न चढता होणारे तत्काळ आकलन व निर्णय, या अर्थाने योजिली आहे. ती ‘उत्स्फूर्तता’ या संज्ञेहून वेगळी मानली पाहिजे. उत्स्फूर्ततेत वेग अभिप्रेत असतो. अंतःस्फूर्तीला वेगाची अट नाही. ज्या चित्रकाराच्या हातून वर्षाला पाच-सहा कॅनव्हासच पुरे होत, त्याच्या संदर्भात हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो.

अशा विषयाचा इतिहास लिहिताना साधनांची अडचण उघड आहे. गायतोंडे यांनी आपल्या कलेविषयी ग्रंथ लिहिला नाही. मुलाखती दिल्या त्या थोड्या, आणि त्यांतील उत्तरेही बेताची. परिपक्व काळातील बहुतेक चित्रांना त्यांनी शीर्षके दिली नाहीत. तथापि साधने अगदीच नाहीत असे नव्हे. अनेक चित्रांच्या मागील बाजूस त्यांची सही आहे, पुष्कळदा देवनागरीत, आणि वर्षही नोंदलेले आहे. चित्रांची मापे, कॅनव्हास उभा की आडवा, रंग लावण्याची अवजारे, वास्तव्याची ठिकाणे आणि कामात पडलेले खंड, या गोष्टी तपासता येतात. अंतःस्फूर्ती स्वतः नोंद ठेवत नाही. पण ती ज्या सवयींच्या आणि साहित्याच्या आधाराने काम करते, त्यांच्या खुणा मागे राहतात.

२. जडणघडण : लघुचित्रांकडून रंगक्षेत्राकडे

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. कुटुंब मूळचे गोव्याचे. बालपण व तारुण्य गेले ते मुंबईच्या गिरगावातील चाळीत. सर ज. जी. कलाशाळेतून त्यांनी १९४८ मध्ये पदविका घेतली. कलाशाळेत त्या काळी जगन्नाथ अहिवासी यांचा भारतीय शैलीच्या चित्रकलेचा वर्ग चाले. पाश्चात्त्य वास्तववादी शिक्षणाच्या बरोबरीने तेथे लघुचित्रपरंपरेचा परिचय होत असे. गायतोंडे यांच्या १९५० च्या सुमारच्या चित्रांत जैन पोथीचित्रे व बसोली शैली यांचा अभ्यास स्पष्ट दिसतो.

या अभ्यासाचे महत्त्व सामान्यतः ‘भारतीयत्वाचा शोध’ या सदरात मांडले जाते. आमच्या मते त्याचे खरे महत्त्व रंगाच्या बाजूने पाहिल्यास कळते. बसोली चित्रात पार्श्वभूमीचा पिवळा किंवा लाल रंग कोणत्याही वस्तूचा रंग म्हणून येत नाही. तो भिंतीचा नसतो, आकाशाचाही नसतो. छायाप्रकाशाचे काम त्याच्याकडे नाही. संपूर्ण प्रसंगाची भाववृत्ती तो एकटा धारण करतो. वस्तूपासून सुटलेला, स्वतःच्या बळावर उभा राहणारा रंग गायतोंडे यांना अशा रीतीने अमूर्त चित्रकलेपूर्वी आपल्याच परंपरेत भेटला होता. पुढे त्यांना पॉल क्ली या स्विस-जर्मन चित्रकाराविषयी ओढ वाटली. क्लीच्या चित्रात रेषा व रंग वर्णनाच्या कामातून मोकळे होतात, आणि हे नाते लघुचित्रांवर पोसलेल्या नजरेला ओळखीचे वाटणे स्वाभाविक होते.

१९४७ मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूपशी गायतोंडे १९५० च्या सुमारास जोडले गेले. मात्र सूझा किंवा हुसेन यांच्याप्रमाणे मानवाकृती हा त्यांच्या कलेचा कायमचा आधार झाला नाही. १९५७ मध्ये टोकियो येथील तरुण आशियाई कलावंतांच्या प्रदर्शनात त्यांना पुरस्कार मिळाला, त्याच सुमारास त्यांच्या चित्रांतून आकृती हळूहळू मागे सरत होती. आधी आकृतीचे सपाट रंगखंड झाले, मग खंडांच्या कडा विरल्या आणि शेवटी रेषेने वेढण्याजोगे काही उरले नाही. हा बदल एखाद्या जाहीरनाम्याने झालेला नाही. सलगपणे पाहिल्यास प्रत्येक चित्र मागच्या चित्रातून काहीतरी वजा करते असे दिसते. अंतःस्फूर्तीने चालणाऱ्या प्रक्रियेचा हा पहिला ऐतिहासिक पुरावा मानता येईल : दिशा निश्चित आहे, पण ती आगाऊ ठरवलेली दिसत नाही.

३. मुंबई ते न्यूयॉर्क : अवजारांचा इतिहास

पन्नाशीच्या व साठीच्या दशकांत गायतोंडे यांचे काम मुंबईतील भुलाभाई देसाई स्मारक संस्थेच्या वास्तूत चाले. हुसेन यांच्यासारखे चित्रकार, अल्काझी यांची नाट्यसंस्था आणि पुढे रविशंकर यांची संगीतशाळा एकाच छपराखाली नांदत असलेली ती जागा होती. एकांतवासी चित्रकाराच्या आख्यायिकेला ही वस्तुस्थिती छेद देते. गायतोंडे यांचे मौन माणसांच्या वर्दळीत घडलेले होते. अभिजात संगीताची त्यांना आवड होती आणि समकालीनांच्या कामाकडे त्यांचे लक्ष असे.

या काळातील चित्रांत रंग जाड थरांत, सुरीने लावलेला आढळतो. पृष्ठभाग खडबडीत आहे. बऱ्याच चित्रांत आडव्या पट्ट्यांमुळे क्षितिज, समुद्र किंवा किनारा यांचा भास होतो. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातील १९६२ चे ‘पेंटिंग, ४’ याच टप्प्यातील आहे. झेन विचाराकडे ते याच वर्षांत वळले. जे. कृष्णमूर्ती, रमण महर्षी आणि गिरगावाजवळच्या खेतवाडीत मराठीतून निरूपण करणारे निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांविषयीही त्यांना आस्था होती. या वाचन-श्रवणाचा चित्रांशी थेट कार्यकारणसंबंध लावणे धोक्याचे आहे. झेनमुळे चित्र रिकामे झाले असे म्हणण्यापेक्षा, चित्रात जे घडू लागले होते ते समजून घेण्याची भाषा त्यांना तेथे मिळाली असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल. कारण आकृतीचे विसर्जन या आस्थेच्या आधीच सुरू झालेले दिसते.

१९६३ मध्ये अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज यांनी मुंबईत त्यांचे काम पाहिले व त्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. १९६४ मध्ये रॉकफेलर निधीची शिष्यवृत्ती घेऊन गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तेथे मार्क रॉथ्को यांच्या कार्यशाळेला त्यांनी भेट दिली. या भेटीवरून गायतोंडे हे रॉथ्कोचे भारतीय रूप होत, असा सुलभ निष्कर्ष काढला जातो. दोघांच्या चित्रांपुढे थोडा वेळ उभे राहिल्यास तो टिकत नाही. रॉथ्कोच्या प्रौढ चित्रांत रंगांचे मोठे आयत एकमेकांवर तरंगतात आणि त्यांच्या धूसर कडांवर सारा ताण असतो. गायतोंडे यांच्या चित्रात असे आयत नाहीत. तेथे एकच रंगवातावरण सर्वत्र पसरलेले असते आणि त्यात लिपीसारख्या, पण कोणत्याही लिपीत न बसणाऱ्या खुणा वर येतात किंवा खाली बुडतात.

खरा बदल न्यूयॉर्कहून परतल्यानंतर, अवजारांत झाला. ब्रशाचे महत्त्व उतरले आणि रोलर व सुरी ही मुख्य साधने ठरली. १९६८ च्या सुमारापासून कॅनव्हास आडव्याचा उभा झाला, पुष्कळदा जवळजवळ पुरुषभर उंचीचा. हे दोन्ही निर्णय तांत्रिक वाटतात, परंतु त्यांचे परिणाम दूरगामी आहेत. ब्रशाच्या फटकाऱ्यात चित्रकाराचे हस्ताक्षर उमटते. रोलर ते पुसतो. तो रंग समान पसरवतो आणि हाताच्या लकबीला वाव ठेवत नाही. आडव्या कॅनव्हासवर पाहणाऱ्याला आपोआप भूदृश्य दिसू लागते. उभ्या कॅनव्हासवर क्षितिजाची ती सवय मोडते. म्हणजे आपल्या हाताची लकब आणि प्रेक्षकाच्या डोळ्याची सवय, या दोन गोष्टींना गायतोंडे यांनी जाणीवपूर्वक अडसर घातला. अंतःस्फूर्तीला वाट मिळावी म्हणून त्यांनी सवयीची वाट बंद केली, असे या बदलांचे वर्णन करता येईल.

४. प्रतीक्षेची कार्यपद्धती

१९७२ मध्ये गायतोंडे दिल्लीला स्थायिक झाले व निजामुद्दीन भागातील एका बरसातीत राहू-रंगवू लागले. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळालेली होती. मुंबईतील वर्तुळात नाव झालेले होते. दिल्लीतील वास्तव्यात कामाचा वेग वाढला नाही. दिवसचे दिवस कॅनव्हाससमोर बसून राहणे, अल्प काळ रंगवणे, पुन्हा थांबणे, असा त्यांचा क्रम परिचितांनी वर्णिला आहे. रंगवण्यापेक्षा पाहण्यात अधिक वेळ जाई.

या प्रतीक्षेचे वर्णन बहुधा ध्यानाच्या परिभाषेत केले जाते. तिची एक भौतिक बाजूही लक्षात घेणे अगत्याचे आहे. तैलरंग हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होतो. पातळ थर स्पर्शाला कोरडा होण्यासही काही दिवस लागतात, जाड थराला अधिक. खालचा थर पुरेसा बसल्याशिवाय त्यावर पारदर्शक थर चढवला तर दोन्ही मिसळून मळकट होतात. पारदर्शक थरांवर उभे असलेले चित्र घाईने पुरे करताच येत नाही. गायतोंडे यांनी वाट पाहिली ती मनाची तशीच रंगाचीही. साधना व साहित्य यांचा कालक्रम येथे एक होतो, आणि हेच त्यांच्या पद्धतीचे मर्म असावे.

प्रत्यक्ष कृतीत रंग लावण्याइतकेच रंग काढण्याला महत्त्व होते. सुरीने खरवडणे, रोलरने थर पातळ करणे, वर्तमानपत्रांचे वा नियतकालिकांचे फाडलेले कागद ओल्या रंगावर दाबून रंग उचलणे किंवा त्यांच्या साहाय्याने आकार उमटवणे, अशा रीती ते वापरत. कागद उचलल्यावर खाली नेमके काय उमटलेले असेल, हे चित्रकाराला आधी पूर्णपणे ठाऊक नसते. येथे आकस्मिकतेला मुद्दाम प्रवेश दिला आहे. पण आकस्मिक जे उमटले ते ठेवावे की पुसावे, हा निर्णय आकस्मिक नसतो. तो तर्कानेही घेता येत नाही, कारण ‘बरोबर’ काय याचा आराखडा समोर नाही. अंतःस्फूर्तीचे नेमके स्थान येथे सापडते : खूण उमटण्याच्या क्षणापेक्षा ती खूण स्वीकारण्याच्या क्षणी. आणि ‘आता पुरे’ हा अखेरचा निर्णय तर संपूर्णपणे तिच्याच कक्षेतला.

५. रंगाचे प्रेम

रंगावरील प्रेम म्हणजे अनेक रंगांची हौस, अशी सर्वसाधारण समजूत असते. गायतोंडे यांची चित्रे तिला अपवाद आहेत. त्यांच्या परिपक्व काळातील चित्र बहुधा एकाच रंगकुळाचे असते : पिवळे-सोनेरी, शेंदरी-लाल, गर्द हिरवे, निळे, राखाडी अथवा मातकट. या मर्यादेतच त्यांची श्रीमंती आहे. लिलावामुळे गाजलेल्या १९७९ च्या चित्राचा पिवळा रंग पाहिल्यास, एका नावाने ओळखला जाणारा हा रंग कोठेही एकसारखा नाही हे ध्यानात येते. काही ठिकाणी तो हळदीकडे झुकतो, काही ठिकाणी जुन्या पितळेकडे. कोठे त्याच्या पाठीमागून प्रकाश आल्यासारखा वाटतो, कोठे तो साकळतो. थरांच्या जाडीतील फरकामुळे हे घडते. प्रकाश वरचा थर भेदून खालच्या थरापर्यंत जातो आणि परततो. चित्रातील तेज त्यामुळे वरून लावलेले वाटत नाही.

एका रंगात राहण्याने निवडीचा प्रश्न सुटत नाही, उलट तो तीव्र होतो. विरोधी रंगांच्या साहाय्याने चित्रात जीव आणणे तुलनेने सोपे. एकाच कुळातील दोन छटांमध्ये ताण निर्माण करायचा तर डोळा अतिशय सूक्ष्म लागतो. ख्यालगायनात एका रागाच्या मर्यादेत राहून विस्तार साधणाऱ्या गायकाशी या पद्धतीची तुलना करण्याचा मोह होतो. ती फार ताणू नये. मात्र बंधन आणि स्फूर्ती यांचे नाते दोन्हीकडे सारखे आहे, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

समकालीनांशी तुलना केल्यास हे वेगळेपण अधिक उठून दिसते. मध्य प्रांतात जन्मलेले व नागपूर-मुंबईत शिकलेले सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांच्या उत्तरकालीन चित्रांत रंग भूमितीय आकारांत स्थिर होतो आणि ‘बिंदू’सारख्या प्रतीकाला वाहिला जातो, शीर्षकांतून ते आशयाची वाटही दाखवतात. अकोल्याचे आंबादास (१९२२–२०१२), जे ‘ग्रूप १८९०’च्या १९६३ मधील दिल्लीच्या प्रदर्शनात सहभागी होते व पुढे ऑस्लोला स्थायिक झाले, ते ब्रशाच्या वळणावळणाच्या ओघातून चित्र घडवीत, तेथे अंतःस्फूर्ती हालचालीत आहे. गायतोंडे प्रतीक देत नाहीत आणि हाताची हालचालही लपवतात. तिघेही विदर्भाशी जन्माने वा शिक्षणाने जोडलेले. तरी एकाच पिढीत अमूर्ताचे तीन स्वतंत्र मार्ग घडले. ‘मराठी अमूर्त’ अशी एकसंध कोटी कल्पिणाऱ्यांनी ही गोष्ट विचारात घेतली पाहिजे.

६. खंड आणि पुनरारंभ

१९८४ मध्ये दिल्लीत झालेल्या अपघातात गायतोंडे यांना गंभीर दुखापत झाली. मोठ्या कॅनव्हाससमोर उभे राहून काम करणे त्यानंतर काही वर्षे अशक्य झाले. या काळात त्यांनी कागदावर शाईने छोटी रेखाटने केली. चरित्रात ही घटना दुर्दैव म्हणून येते. प्रक्रियेच्या अभ्यासकाला मात्र ती एक महत्त्वाचा प्रश्न सोडवून देते. रोलर नाही, तैलरंग नाही, पुरुषभर उंची नाही आणि रंगही बहुधा नाही; मग गायतोंडे यांच्या कलेत काय उरते?

ही रेखाटने पाहिल्यास उत्तर मिळते. मोकळ्या जागेत खूण कोठे ठेवायची, दोन खुणांत किती अंतर राखायचे, कागद कितपत रिता सोडायचा, याविषयीचा निर्णय तसाच अचूक आहे. म्हणजे अंतःस्फूर्ती रंगावर अवलंबून नव्हती. रंग हे तिचे आवडते निवासस्थान होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा कॅनव्हासकडे वळले आणि नव्वदच्या दशकात काही वर्षे त्यांनी तैलचित्रे केली. रंग आला तो त्याच तेजाने. पुढे काम थांबले आणि १० ऑगस्ट २००१ रोजी गुडगाव येथे त्यांचे निधन झाले.

७. परिभाषेचा प्रश्न

आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे गायतोंडे यांना मान्य नव्हते. इंग्रजीत ते ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हा शब्द पसंत करीत. मराठीत त्यासाठी ‘वस्तुनिरपेक्ष’ ही संज्ञा वापरता येईल. भेद बारीक पण निर्णायक आहे. ‘अमूर्त’ म्हणताना मूर्ताचा संदर्भ गृहीत धरला जातो; काहीतरी होते आणि ते गाळून टाकले, असे सूचित होते. वस्तुनिरपेक्ष चित्र वस्तूपासून निघतच नाही. १९५७ च्या आसपासच्या चित्रांना पहिली संज्ञा लागू पडते, १९६८ नंतरच्या चित्रांना दुसरी. एकाच चित्रकाराच्या दोन टप्प्यांना दोन संज्ञा वापरणे आपल्या समीक्षेला त्यामुळे हितावह ठरेल.

चित्रकाराने आपल्या प्रक्रियेविषयी लिहिणे मराठीला अपरिचित नाही. प्रभाकर बरवे यांचा ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हा ग्रंथ त्याचे उत्तम उदाहरण होय. परंतु बरवे यांची चित्रे वस्तूंशी संवाद करणारी होती आणि वस्तूविषयी भाषेत बोलता येते. गायतोंडे यांच्या चित्रापुढे भाषा लवकर संपते, आणि मग समीक्षक गूढतेच्या शब्दकळेचा आश्रय घेतो. २०१६ मध्ये ‘चिन्ह’ने प्रसिद्ध केलेला ‘गायतोंडे’ हा मराठी ग्रंथ आणि त्याच वर्षीचे मीरा मेनेझिस यांचे इंग्रजी चरित्र यांमुळे आठवणी व कागदपत्रे यांचा मोठा साठा अभ्यासकांना उपलब्ध झाला. न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयाने २०१४-१५ मध्ये भरवलेल्या प्रदर्शनाच्या शीर्षकातच ‘प्रक्रिया’ हा शब्द होता, ही गोष्टही सूचक आहे.

८. समारोप

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. गायतोंडे यांची अंतःस्फूर्ती ही श्रमाचा अभाव दर्शवीत नाही. लघुचित्रांच्या अभ्यासापासून रोलरपर्यंतच्या अनेक निवडींनी ती घडवली गेली. तिचे कार्य मुख्यतः स्वीकार, नकार आणि थांबणे या निर्णयांत चालते. तैलरंगाचा संथपणा हा तिचा अडथळा नसून सोबती आहे. आणि १९८४ नंतरची शाईची रेखाटने दाखवतात की रंगाचे प्रेम कितीही उत्कट असले, तरी त्यामागची अवकाशाची जाण त्याहून मूलभूत होती.

या निष्कर्षांचे महत्त्व एका चित्रकारापुरते नाही. अंतःस्फूर्तीला दैवी देणगी मानले की तिचा अभ्यास संपतो आणि तिचा वारसाही संपतो. कलाशाळेतील विद्यार्थ्याच्या हाती केवळ विस्मय उरतो. गायतोंडे यांनी मागे कोणताही सिद्धांत ठेवला नाही, पण पाहण्याची एक शिस्त ठेवली. ती शिकता येण्याजोगी आहे. त्यासाठी मुंबई वा दिल्लीच्या संग्रहालयात त्यांच्या एखाद्या चित्रापुढे, त्यांनी घेतला तेवढा नव्हे तरी पुरेसा वेळ, काही न बोलता उभे राहावे लागेल.